दारूबंदी आजी

दारूबंदी आजी माणसाला घरात घेण्याआधी त्याचं तोंड हुंगायच्या. खरंच हुंगायच्या, चष्मा कपाळावर सारून, नाक अगदी जवळ आणून. मी नागपूरची बौद्ध मुलगी. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत, ओहायोला शिकायला आले आणि त्यांच्या माडीवरच्या खोलीत भाड्याने राहिले. सामान पोचवायला जवळच्याच डब्लिन गावचे जोशीकाका आले होते. दुपारी जेवताना त्यांनी एक बिअर घेतली होती. आजींनी मला आत घेतलं आणि काकांना सांगितलं, "तुम्ही बाहेरच थांबा."

जोशी उंबऱ्याबाहेर आणि मी आत! हे बघायला माझी आई हवी होती.

आजींचं हे नाव आम्हा मराठी पोरांनी ठेवलेलं. त्या पक्क्या मेथडिस्ट, दारू निषिद्ध मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या. त्यांच्या आजीने चर्चच्या बायकांबरोबर गुत्त्यासमोर बर्फात गुडघे टेकून प्रार्थना केल्या होत्या. "नवऱ्यांची दारू सुटावी म्हणून आम्ही बायकांनी मताचा हक्क मागितला," त्या सांगायच्या. "हौस म्हणून नाही." पुढे देशभर दारूबंदी आली, तरी त्यांचे वडील धान्याच्या कोठारात पीतच राहिले. त्यांच्या माराने आईचा डावा कान कायमचा गेला. "कायदा देशात होता," आजी म्हणायच्या, "बाप घरात होता."

एकदा जेवताना मी सांगितलं की, माझ्या आईनेही वस्तीतल्या बायकांना घेऊन दारूची भट्टी फोडली होती.

"पोलिसांनी धरलं?"

"नाही. भट्टीवाल्याने तिचं डोकं फोडलं. पोलीस बघत उभे होते."

आजींनी माझ्या ताटात आणखी एक बटाटा वाढला. कौतुक करायची त्यांची तीच रीत होती.

देशातली बंदी कधीच उठली होती, तरी आमच्या भागात तोवर दारूविक्रीला बंदी होती. मग एका रेस्टॉरंटला परवाना हवा होता आणि त्यावर भागात मतदान ठरलं. ऐंशी ओलांडलेल्या आजी काठी टेकत घरोघर फिरल्या. मला मत नव्हतं, पण मी त्यांच्याबरोबर होते. त्यांच्याच चर्चमधली माणसं पडद्याआडून आम्हाला बघायची आणि दार उघडायची नाहीत. तरुण पाद्री गोड हसून म्हणाला, "आता ज्याचं त्याला ठरवू द्यावं." आजी हरल्या. रेस्टॉरंट उघडलं त्या आठवड्यात चर्चची गाणारी मंडळी तिथेच जेवायला गेली.

त्या संध्याकाळी आजींनी मला पंचशील म्हणायला लावलं, अर्थ विचारला. पाचवं, दारू-नशेपासून दूर राहण्याचं शील त्यांनी दोनदा म्हणून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमच्या धर्मात आहे. आमच्या धर्मात होतं."

दोनेक वर्षांत त्यांची आठवण जायला लागली. भाच्याने त्यांना वृद्धाश्रमात ठेवलं. तिथे शुक्रवारी दुपारी गाणी लावायचे आणि म्हाताऱ्यांना थोडी वाइन द्यायचे. मी गेले तेव्हा आजींच्या हातात पेला होता. गाल लाल झाले होते.

"आज सरबत छान आहे," त्या मला म्हणाल्या. "तू पण घे ना."

मी तिथल्या नर्सवर चिडले. "अगं, त्या खुशीत असतात," ती म्हणाली. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "जन्मभर तिने सगळ्यांच्या आनंदावर विरजण घातलं. आता तिला तरी मजा करू दे."

मी हट्ट सोडला नाही. आजींना वाइन देणं मी बंद करायला लावलं.

पुढच्या शुक्रवारी मी त्यांच्या शेजारी बसले. सगळ्यांच्या हातात लाल पेले, आजींच्या हातात संत्र्याचा रस. त्यांनी इतरांचे पेले पाहिले, मग आपला पाहिला.

"मलाच हे का?" त्यांनी विचारलं. "मी काय केलंय?"

आजी, तुम्ही काय केलंय ते मी कुठून सांगायला सुरुवात करणार होते? मी त्यांचा हात धरला. तो त्यांनी झटकून टाकला आणि लहान मुलासारख्या हुंदके देऊन रडायला लागल्या. बापाबद्दल सांगताना, मतदान हरल्यावर, कधीच रडल्या नव्हत्या. त्यांना रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं.