हात न लागलेली रोपं

पडेगावच्या रोपवाटिकेतले काका रोज सकाळी टोमॅटोच्या शेंड्यांवरून तळहात फिरवत, अर्धवट झोपेत असल्यासारखे चालायचे. मी बसथांब्यावरून बघत राहायचे. स्पर्शानं रोपातली कोणती जनुकं जागी होतात, हाच माझा प्रयोगशाळेतला विषय.

एकदा मी काचेआड वाढवलेलं माझं रोप त्यांना दाखवलं. नुसतंच उंच, मान टाकलेलं.

"याला कुणी हातच लावला नाय व्हय, पोरी?" ते म्हणाले. "मग भाईर वारं असतं, हे त्याला कळावं कसं?"

प्रयोगात तुलनेसाठी एका ट्रेला अजिबात हात लावायचा नसतो; ते रोप तिथलंच होतं. त्या संध्याकाळी मी दार लावून घेतलं आणि त्याच ट्रेवरून तळहात फिरवला. महिनाभराचं काम वाया गेलं. हाताला मात्र टोमॅटोच्या पानांचा वास राहिला, काकांच्या हाताला यायचा तसा.