पांढऱ्या मातीतला मोगरा

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, लढाई संपल्यावर पेन्शन घेऊन गावी आले, तेव्हा त्यांना देण्यासारखं काम घरात उरलेलं नव्हतं. शेती त्यांच्या धाकट्या भावानं सांभाळली होती. मामंजींनी औताला हात लावला की बैलच थांबून मागं वळून बघायचे. पलटणीत सुभेदारी केलेला माणूस. पहाटे उठून दाढी करायची, बुटांना पॉलिश करायचं आणि मग ते घालून जायचं कुठं, हे न कळून ओसरीवर बसायचं, असा त्यांचा दिवस. तासगावापासून आत असलेल्या आमच्या गावात बुटाचं पॉलिश बघायला होतं तरी कोण!

शेवटी कंटाळून त्यांनी जाहीर केलं, की सांगलीला एका गिरणीत पहारेकऱ्यांवर जमादार पाहिजे आहे, विचार करतोय. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपुढं होत्या. त्यांच्या तव्यातली भाकरी करपली. लग्नापासून नवरा रजेपुरता पाहिलेली बाई ती. आता कुठं तो घरी आला होता, आणि पुन्हा निघायची भाषा करत होता.

चौकशीला म्हणून मामंजी सांगलीला गेले आणि येताना, नोकरीचं काहीच न ठरवता, टोपलीतून मोगऱ्याची रोपं घेऊन आले. छावणीत साहेबाच्या बंगल्यापुढं डब्यांतून फुलं लावलेली त्यांनी पाहिली होती. तसं आपल्याकडं का नसावं? चैत्र संपत आला होता. ऊन असं की अंगणातल्या कोंबड्यासुद्धा सावली सोडत नव्हत्या. पण अंगणात लावलं तर शेळ्या खातील, म्हणून बाग माळवदावर, घराच्या सपाट मातीच्या छपरावर, करायची ठरली. दुकानदाराकडून घासलेटचे रिकामे डबे आले, वरून कापले गेले, त्यांना गेरू लागला आणि ते कठड्याशी एका ओळीत उभे राहिले. एक डबा जरा पुढं आला होता, त्याला मामंजींनी हिंदीत दम भरला.

माती लांबून आणायची गरजच नव्हती. माळवदाच्या कोपऱ्यात पांढऱ्या मातीचा ढीग तयार होता. ती माती कशासाठी, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. पावसाआधी ती माळवदावर पसरायची, म्हणजे पाणी खाली घरात उतरत नाही. मामंजींनी नेमकी तीच डब्यांत ठासून भरली. डब्यांना खाली भोकंही नव्हती. मी विहिरीवरून घागरी भरून वर नेत होते आणि ते पाणी डब्यांत जसंच्या तसं उभं राहत होतं. मोगऱ्याचं काय झालं असेल ते असो, चिमण्यांची उन्हाळ्याची सोय मात्र उत्तम झाली.

धाकटे मामंजी वर येऊन बघून गेले आणि खाली आल्यावर पोट धरून हसले. "सरकारनं दादाला सुभेदारी दिली गड्या, अक्कल शेतातच ऱ्हायली!" पण हे तोंडावर सांगायची छाती त्यांचीही नव्हती.

मी आत्याबाईंना म्हटलं, "आवं आत्याबाई, मामंजींना सांगू का मातीचं?"

"सांगून तर बघ," त्या माझ्यावरच डाफरल्या. "आज माती बदलली तर उद्या काम संपलं. मग बसत्याल पुन्यांदा टरंक पुसत. राबू दे त्यास्नी वर, लय ब्येस चाललंय."

तेव्हा मला त्यांचा डाव कळला आणि मनातून मी खूश झाले. सासूबाई इतक्या धूर्त असतील असं वाटलं नव्हतं. त्यांनी स्वतः जाऊन सांगण्याचा तर प्रश्नच नव्हता, कारण आमच्यात नवराबायको माणसांत एकमेकांशी बोलत नसत. "सूनबाई, त्यास्नी म्हणावं ताट वाढलंय," असं आत्याबाई मला सांगायच्या. मामंजी तिथंच हातभर अंतरावर असायचे. ते मान हलवायचे आणि मला सांगायचे, "म्हणावं, आलोच." मी आपली मध्ये उभी.

पण डाव अंगाशी आला. मोगऱ्याची पानं पिवळी पडून गळू लागली. मामंजी कधी सावलीसाठी गोणपाट बांधायचे, कधी आणखी पाणी घालायचे, आणि पानं आणखीच गळायची. एका सकाळी ते खाली आले. वळकटी बांधली, ट्रंक ओसरीवर आणून ठेवली.

"साधं झाड जगंना माज्या हातनं," भावाला म्हणाले. "हितं ऱ्हाऊन काय करू? मी पहाऱ्याच्याच कामाचा."

इतका ताठ माणूस, पण बोलताना मान खाली घालून वळकटीची दोरी पुन्हा पुन्हा आवळत होता. मला फार वाईट वाटलं. आता हसायचं धाकट्या मामंजींनाही सुचेना.

तोच आत्याबाई पदर सारखा करत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. दीर बसलेला, सून उभी, आणि त्या सरळ नवऱ्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"हाताला काय झालं न्हाई तुमच्या. माती चुकली. पांढरी माती पाणी सोडत न्हाई, मुळं कुजत्यात. मला पैल्या दिसापासनं ठावं हाय."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर झाडं लागली असती, आन् काम झालं म्हणून तुमी निघाला असता. उभा जल्म वाट बघण्यात गेला माजा. आता जाऊ नगा."

धाकटे मामंजी छताच्या तुळया मोजल्यासारखे वर बघत बसले. मला तर आत पळावं की थांबावं तेच कळेना. तिकडं पारापाशी सांगलीला जाणारी सर्व्हिस मोटार येऊन थांबली होती, तिचा भोंगा वाजला, जरा वेळानं पुन्हा वाजला. मामंजी ट्रंकेवर हात ठेवून उभे होते.

"सूनबाई," ते म्हणाले, "मोठा खिळा कुठं हाय बघ. डब्यास्नी भोकं पाडाय लागत्याल."

मोटार धुरळा उडवत निघून गेली. मग आम्ही उकिरड्यातलं शेणखत आणि मळ्यातली माती वर नेली, सगळे डबे उपसले आणि जगण्यासारखी होती तेवढी रोपं पुन्हा लावली. त्या उन्हाळ्यात मोगऱ्याला पानं आली, कळी एकही नाही. मामंजी रोज सकाळी वर जाऊन बघायचे आणि हळहळत खाली यायचे. आत्याबाईंना त्याचं काडीचंही दुःख नव्हतं.