हळदीखाली गेलेला शेवट

माणसाला ताठ उभं राहायला एखादा सिनेमा शिकवू शकतो, यावर माझी श्रद्धा आहे. तो सिनेमा मी शेवटपर्यंत पाहिलेला नाही, एवढंच.

आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावला बाजाराच्या दिवशी पत्र्याच्या शेडमध्ये व्हिडिओ लागायचा. त्या दुपारी इंग्रजी कॅसेट होती. एक शहर, तिथल्या सरकारनं सगळ्यांची नावं काढून घेऊन नंबर दिलेले. इंग्रजी कुणालाच येत नसे, म्हणून टीव्हीशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारा एक जण लागे. तो म्हणजे माझा शिंपी मित्र. इंग्रजी त्यालाही येत नव्हतं, पण त्याची त्याला कधी तकलीफ झाली नाही.

शेवटी शिपायांनी नायकाला घेरलं, नंबर विचारला आणि पडद्यावर एकदम हळदीचा कार्यक्रम सुरू झाला. कॅसेटवाला लग्नांचं शूटिंगही करी. कोरी कॅसेट कमी पडली तेव्हा त्यानं सिनेमाच्या शेपटावर कुणाची तरी हळद भरली होती. शेडमध्ये बोंबाबोंब झाली.

"गप बसा!" मित्र ओरडला. "नंबर न्हाई बोलला तो. बापाच्या नावासकट नाव सांगितलं त्यानं. बराबर!"

हाच शेवट घेऊन आम्ही घरी गेलो. पुढे मी मास्तर झालो. साहेबांनी कर्मचारी क्रमांक विचारला की मी आधी नाव सांगे. माझ्या बदल्यांची कारणं वेगळी होती, असं मला लेखी कळवण्यात आलं.

एवढ्या वर्षांनी यंदा दुसरा भाग आला, हिंदीत. अख्खी मानवजात याची वाट पाहत होती, असं जाहिरातीत होतं. तिच्यापैकी हिंगोलीला दुपारच्या खेळाला नऊ जण आले होते, त्यांत मी आणि माझा मित्र.

पहिल्याच दृश्यात जुना शेवट दाखवला. नायकानं मान खाली घातली आणि नंबर सांगितला.

मी मित्राकडे पाहिलं नाही. गिऱ्हाइकांची मापं घेता घेता त्यानं आपला शेवट निम्म्या तालुक्याला सांगितला होता. तो ताडकन उठला.

"झूट हाय हे!"

"चाचा, सिनेमा त्यांचा हाय," मागून एक पोरगी म्हणाली.

"शेवट आपला हाय ना, बेटा! काहून सोडू?"

तो सरळ पडद्याशेजारी जाऊन उभा राहिला, जुन्या सवयीनं डाव्या बाजूला. "हा त्याचा जुळा भाऊ हाय. खरा निसटला. गावोगाव आपलं नाव सांगत फिरून राहिला." लोक हसले, मग ऐकू लागले.

टॉर्चवाला खुर्चीचा नंबर पुकारत धावत आला. "ओ, जी-चौदा! जागेवर बसा. जी-चौदा!"

मित्रानं छाती काढून आपलं नाव सांगितलं, मग बापाचं, मग गावाचं. कुणीतरी शिट्टी मारली. मीही उभा राहून माझं सांगितलं. मला कुणी विचारलं नव्हतं.

टॉर्चवाल्यानं आमची तिकिटं पाहिली. आमच्या खुर्च्या एफ ओळीत होत्या. जी-चौदा हा मित्राचा नंबरच नव्हता.