फर्माइशीतलं आमचं गाव

जुन्या रेडिओचं झाकण उघडलं, गळलेल्या सेलचा वास आला आणि दुष्काळी कामावरची ती दुपार समोर उभी राहिली. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. चाकूरजवळ आम्ही बाया रस्त्यासाठी खडी फोडत होतो. माझ्या वहिनीनं आमच्या सगळ्यांच्या नावानं सिनेमाच्या नव्या गाण्याची फर्माईश धाडली होती, म्हणून संपत आलेले सेल उन्हात तापवून रेडिओ खडीच्या ढिगावर ठेवला होता. "बंद करा ते, न्हाई तर हजेरी कापतो!" मुकादम खेकसला. "कापा, पर ऐकून कापा," वहिनी म्हणाली. तेवढ्यात रेडिओवरची बाई एकेक करून आमची नावं वाचू लागली आणि शेवटी म्हणाली, "चाकूर, जिल्हा लातूर." आजवर आमच्या गावापुढं उस्मानाबादच लागायचं. हातोडे खाली पडले, बाया एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि मुकादमच ओरडला, "आवाज वाढवा की! पुन्हा म्हणती का बघा!" पुन्हा कुठलं? आमच्या गलक्यात अख्खं गाणं वाजून संपलं. आता नात शेजारी बसून विचारतेय, "आजी, गाणं कोणतं होतं गं?" मी म्हटलं, "गाण्याचं काय घेऊन बसलीस? जिल्हा लातूर म्हणली ती!"