दोन्ही बाजूंचे म्हात्रे

दामोदर म्हात्रे यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कंपनीच्या कॅन्टीनमध्ये एका बटाटेवड्याचा खटला चालवत होते. वडा बशीत होता आणि म्हात्रे समोरच्या रिकाम्या खुर्चीला सांगत होते, "अध्यक्षमहाराज, वड्याच्या बाजूने बोलायचं तर तो गरम आहे. आता विरुद्ध बाजू. तो सकाळीही गरम होता, म्हणजे हा पुन्हा तळलेला आहे." खुर्चीने काही निकाल दिला नाही. तोवर वडा गार झाला, आणि म्हात्र्यांनी तो निमूटपणे खाऊन टाकला.

रोह्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या रसायनांच्या कंपनीत मी स्टोअरला होतो आणि ते टाइम ऑफिसला, म्हणजे कामगारांच्या हजेरीला. मी राहायचो अष्टमीत, म्हणजे कंपनीपासून एक पूल ओलांडून. ते यायचे पेणच्या रामवाडीतून. त्यांचे वडील मिठागरावर राबले आणि मुलगा मिठात पाय न घालता मोठा व्हावा म्हणून त्यांनी त्याला कॉलेजात घातलं. तिथे मुलाने वादविवाद स्पर्धेत एका विषयाच्या बाजूने बोलून कप आणला आणि पुढच्या वर्षी त्याच विषयाच्या विरुद्ध बोलून दुसरा आणला. तेव्हापासून म्हात्र्यांची अशी पक्की समजूत झाली की जगातल्या प्रत्येक गोष्टीला दोन बाजू असतात आणि त्या दोन्ही आपल्याच असतात.

लग्नाच्या वेळी मुलगी पाहायला गेले, तर मुलीच्या बापासमोर त्यांनी आधी लग्नाच्या बाजूचे आणि मग विरुद्ध बाजूचे मुद्दे मांडले. बाप घाबरून गेला. मुलगी मात्र आतून पोह्यांची बशी घेऊन आली आणि म्हणाली, "झाल्या ना दोन्ही बाजू? मग आता खा." त्याच या सुमनवहिनी. संसाराचे सगळे निकाल पुढे त्यांनीच दिले. म्हणून तो चालला, असं आम्हा मित्रांचं मत होतं आणि म्हात्र्यांनाही ते अर्धं मान्य होतं.

पेणच्या एका वाचनालयाची वादविवाद स्पर्धा हा म्हात्र्यांचा खरा संसार. विषय तेच काढायचे आणि वक्ते तेच गोळा करायचे. मुद्दे सुचत नसले की वक्ते त्यांच्याकडेच यायचे, मग संध्याकाळी ओटीवर म्हात्रे एकाला बाजूचे आणि दुसऱ्याला विरुद्धचे मुद्दे सारख्याच जिव्हाळ्याने सांगायचे. एके वर्षी बांध फुटून भरतीचं खारं पाणी शेतात शिरलं, तेव्हा त्यांनी 'खारबांध फुटतो, याला जबाबदार कोण?' असा विषय ठेवला. पहिला वक्ता तिसऱ्या वाक्याला पोचला आणि सभागृहात खुर्च्या उडाल्या. जबाबदार मंडळी सगळी पहिल्याच रांगेत बसली होती.

तेव्हा म्हात्र्यांनी कानाला खडा लावला. "विषय आणि पेण यांच्यात सुरक्षित अंतर पाहिजे," ते म्हणाले. पुढच्या वर्षी विषय दक्षिण ध्रुवाचा होता. पण त्यातही कोणाला तरी टोमणा लागला. मग मात्र म्हात्रे थेट पृथ्वी सोडूनच गेले. 'लष्करी अवकाशविमाने सरकारी मानवी अवकाशयानांची जागा घेऊ शकतील काय?' असा विषय त्यांनी वाचनालयाच्या फळ्यावर खडूने लिहिला. रस्त्याने जाणारे लोक तो वाचून, आज वाचनालय बंद आहे असं समजून परत फिरायचे.

विषय त्यांना कुठल्याशा विज्ञान मासिकात सापडला होता. अमेरिकेत माणसं अवकाशात जातात ती सरकारच्या यानातून. ते यान अवाढव्य आणि खर्चिक, आणि एक फेरी झाली की महिनोन्‌महिने त्याची तपासणी. तिथल्या लष्कराच्या मनात वेगळंच होतं. आपलं एक सुटसुटीत विमान असावं, ते वर जाऊन यावं, धावपट्टीवर उतरावं, इंधन भरून लगेच पुन्हा उडावं. आत माणूस नसला तरी चालेल. असं विमान खरंच झालं तर सरकारी यान कशाला हवं, असा तो वाद. पेणला याच्याशी काहीही कर्तव्य नव्हतं, आणि म्हणूनच म्हात्रे खूश होते.

त्या वर्षी प्रमुख पाहुणे होते आमच्याच कंपनीचे पर्सोनेल मॅनेजर बर्वेसाहेब. साहेब पुण्याचे. कंपनीत आल्यापासून त्यांच्या तोंडी 'कॉस्ट कटिंग' हा एकच मंत्र होता. कॅन्टीनच्या चहाचा कप त्यांच्याच कारकिर्दीत आखडला. मात्र बक्षिसाची स्टीलची भांडी आणि सभागृहाचं भाडं दोन वर्षं त्यांच्यामुळे कंपनीकडून मिळत होतं, त्यामुळे म्हात्र्यांना ते देवासारखे.

बाजूने बोलायला एक तरुण वकील होते. मुद्दे म्हात्र्यांचे, पण आवाज स्वतःचा. "सरकारी वाहन वेळेवर सुटल्याचं या सभागृहात कोणी पाहिलंय?" असं त्यांनी विचारताच टाळ्यांनी पत्रे हादरले. अमेरिका केव्हाच मागे पडली. लोकांच्या डोळ्यांपुढे वडखळच्या नाक्यावर अडकलेली लाल बस उभी राहिली. "आणि लष्कर? लष्कराला कोणी कधी उशिरा आलेलं पाहिलंय?" पेणमध्ये लष्कर कोणी आलेलंच पाहिलं नव्हतं, तरी पुन्हा टाळ्या झाल्या.

विरुद्ध बाजूने सहकारी सोसायटीतले एक कारकून बोलले. त्यांना सर्दी झाली होती. "आधी हे ठरवा," ते म्हणाले, "वर सामान न्यायचंय की माणूस. सामानाला श्वास लागत नाही. सामान परत आलं नाही, तर त्याच्या घरी कोणी जेवायचं थांबत नाही. सरकारी यान जड झालंय ते आतल्या माणसामुळे. माणूस काढा, मग ते पण हलकं होईल." हा म्हात्र्यांचा सर्वांत सुंदर मुद्दा होता. पण वक्त्याला मध्येच शिंक आली, सभागृह हसलं आणि विरुद्ध बाजू पडली. बर्वेसाहेबांनी वकिलांना स्टीलचा डबा दिला आणि भाषणात म्हणाले, "हा विचार अवकाशातच राहू नये. तो आपण जमिनीवर आणला पाहिजे."

मोठी माणसं असं बोलतात आणि विसरतात. बर्वेसाहेब विसरले नाहीत.

पेण, वडखळ, कासू, नागोठणे असं करत कामगारांना आणणारी एस.टी.ची कराराची लाल बस कंपनीने महिन्याभरात बंद केली आणि तिच्या जागी लष्कराने लिलावात काढलेला एक ट्रक आला. मूळ हिरव्यावर कंपनीचा निळा रंग दिला होता. उन्हात तो हिरवा पुन्हा वर यायचा. आत दोन्ही बाजूंना लाकडी बाकं आणि वर ताडपत्री. ट्रक वेळेवर यायचा, हे खरं. रस्त्यातले खड्डे तो मोजायचा नाही, माणसांकडून मोजून घ्यायचा. मी पुलाजवळ चढायचो आणि कंपनीच्या गेटपर्यंत माझ्या पाठीचे सगळे मणके मला वेगवेगळे कळायचे.

आम्ही पुरुष शिव्या घालत का होईना, चढत होतो. अडचण होती कासूच्या सखूबाईची. ती पॅकिंगला होती, वय पन्नाशीच्या पलीकडे, आणि एक गुडघा कायमचा आखडलेला. नवरा गेलेला, घर तिच्या पगारावर. ट्रकचा मागचा फाळका तिच्या छातीला लागायचा. दोघांनी वरून हात धरायचे आणि एकीने खालून ढकलायचं, अशी ती रोज चढायची. "मी काय पोतं हाय?" ती ओरडायची. "पोतं पन नीट धरताव रं तुमी!" एका सकाळी हात सुटला, ती रस्त्यावर आपटली आणि दुसऱ्या दिवसापासून येईनाशी झाली. पॅसेंजर गाडी होती, पण ती रेल्वेच्या वेळेला धावायची, आमच्या शिफ्टच्या नव्हे. सलग गैरहजर राहणाऱ्याचं नाव कमी करायचं, असा कंपनीचा नियम. ती नावं काढून साहेबांपुढे ठेवायचं काम टाइम ऑफिसचं, म्हणजे म्हात्र्यांचं.

कामगारांनी म्हात्र्यांनाच बोलायला पाठवलं. आमच्यात दुसरा वक्ता होता कोण! सखूबाईसुद्धा त्या दिवशी कोणाच्या तरी स्कूटरवरून लंगडत आली आणि कॅन्टीनच्या पायरीवर बसून राहिली. म्हात्रे केबिनमध्ये गेले आणि सवयीने म्हणाले, "साहेब, प्रथम ट्रकच्या बाजूने विचार करू." मग त्यांनी ट्रकचा वक्तशीरपणा मांडला, त्याचा दणकटपणा मांडला. पावसात पाणी भरलं तरी तो कसा अडणार नाही, हा तर साहेबांनाही न सुचलेला मुद्दा. साहेब खुर्चीत पुढे सरकत गेले. "आता दुसरी बाजू," असं म्हात्रे म्हणतात तोच साहेबांनी बेल दाबून दोन चहा मागवले. "म्हात्रे, जिंकलंत! मला स्वतःला इतकं नीट मांडता आलं नसतं." चहा पिता पिता त्यांनी जाहीर करून टाकलं, की पुढच्या वर्षी स्पर्धा जिल्हा पातळीवर, सगळा खर्च कंपनीचा, आणि निमंत्रक दामोदर म्हात्रे. म्हात्र्यांनी आयुष्यभर एवढंच मागितलं होतं.

बाहेर आम्ही वाट पाहत होतो. "काय झालं?" मी विचारलं.

"पूर्वपक्ष फारच उत्तम झाला," म्हात्रे म्हणाले. "उत्तरपक्षाला वेळ मिळाला नाही."

सखूबाई पायरीवरून उठली. "म्हात्रे भाऊ, आमी तुमाला आमच्या वतीनं धाडला का सायबाच्या?" एवढं बोलून ती निघून गेली. मला हसू येत होतं आणि म्हात्र्यांचा रागही येत होता. इतका राग मला त्यांचा कधी आला नव्हता.

घरी सुमनवहिनींना ही हकीगत कळली. म्हात्रे पुरते हादरले. निकाल द्यायला वहिनींनी पहिल्यांदाच नकार दिला होता. "दोन दिवस ती नुसती वाढते आणि आत जाते," म्हात्र्यांनी मला सांगितलं. सखूबाईचं नाव कमी करायची वेळ आता आली होती.

पुढचं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. स्टोअरच्या कागदांवर सही घ्यायला मी साहेबांच्या केबिनमध्ये उभा होतो. साहेब टेबलावर जिल्हा स्पर्धेची निमंत्रणपत्रिका पसरून, निमंत्रकाचं नाव मोठ्या अक्षरात घ्यावं की त्याहून मोठ्या, याचा विचार करत होते. म्हात्रे आत आले. बसले नाहीत. सभागृहातलं ते घोटीव मराठी कुठे गेलं कोण जाणे; तोंडून आली ती मिठागरावरची भाषा.

"साहेब, सखूबाईला त्या ट्रकात चढाला जमत नाय. बस परत आना."

साहेब हसले. पेन खाली ठेवून मान तिरपी करून म्हणाले, "बरं. आणि दुसरी बाजू?"

"दुसरी बाजू नाय."

साहेबांना वाटलं ही वक्तृत्वातली काहीतरी खुबी असावी. ते थांबले. म्हात्रेही थांबले. शेवटी साहेबांच्या लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "म्हात्रे, लष्करी वाहन सरकारी वाहनाची जागा घेऊ शकतं, हे तुमचेच मुद्दे ना?"

"ते विमानाचे व्हते, साहेब. त्यात मानूस नव्हता." म्हात्र्यांनी हात मागे धरले. "तिचं नाव मी कमी करनार नाय. माझं करायचं तर करा."

माझ्या हातातले कागद तसेच राहिले. सहीचं ना साहेबांच्या लक्षात राहिलं ना माझ्या.

साहेबांनी म्हात्र्यांचं नाव कमी केलं ते पत्रिकेवरून. स्पर्धेचा खर्चही कंपनीने काढून घेतला. वर्गणीतून स्पर्धा चालवावी म्हणून आम्ही पेणमध्ये फिरलो, तेव्हा लोकांनी वर्गणीच्या बाजूने पुष्कळ बोलून दाखवलं. स्पर्धा बंद पडली. लाल बस मात्र थोड्याच दिवसांत परत आली, आणि तिच्यातून सखूबाईही कामावर आली. कामगारांविषयीच्या आपल्या कळवळ्यातून ती परत आणली, असं साहेबांनी कंपनीच्या वार्षिक समारंभात सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. ट्रक गोदामातली पोती वाहू लागला. त्या कामाला तो खरोखर उत्तम होता.

स्पर्धा गेल्याचं दुःख म्हात्र्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. अवकाशविमानांच्या बातम्या मात्र ते अखेरपर्यंत वाचत राहिले. अमेरिकेत लष्कर एक योजना काढायचं, ती बारगळायची, मग दुसरी निघायची, आणि सरकारी यान आपलं उशिरा का होईना माणसं वर नेत आणि खाली आणत होतं. "दोन्ही बाजू अजून भक्कम आहेत," ते समाधानाने सांगायचे. माझ्याशी ते पुन्हा वड्यावर आणि चहावर वाद घालू लागले, आणि मला बरं वाटलं.

पुढे काही वर्षांनी ते गेले. झोपेतच, कुठलीही बाजू न मांडता. मी रामवाडीला पोचलो तेव्हा घरात वाचनालयाची मंडळी होती, ते वकील होते, आणि म्हात्र्यांच्या वक्तृत्वाबद्दल जो तो हळू आवाजात सांगत होता. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. इतक्यात सखूबाई आली. दाराची उंच पायरी तिने चौकट धरून, एक पाय ओढत चढली. कोणाकडे न बघता सरळ वहिनींजवळ गेली आणि त्यांचा हात आपल्या हातात घेऊन म्हणाली,

"तुजा मानूस एकदाच बोलला गो. पन माज्यासाठी बोलला."