बेचाळीसचे चोवीस

चूक झाली तरी मी ती मान्य करत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. त्यामुळे इथे आयर्लंडमध्ये, डंडॉकच्या खच्चून भरलेल्या हॉलमध्ये मी उभी राहून "चूक माझी आहे" म्हणाले, यावर नागपूरला माझ्या आईचा अजून विश्वास बसलेला नाही.

झालं असं की लेक इथल्या क्लबात बास्केटबॉल खेळायला लागली. इथे पोरगी क्लबात गेली की आईबापही कामाला जुंपले जातात. मला बायकांच्या सामन्यांचं स्कोअरशीट लिहायला बसवलं. कोणी किती गुण केले, कोणाचे किती फाउल झाले, एवढंच लिहायचं. पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर, परत यायचं नाही. ऑफिसात दिवसभर आकडेच बघते मी, म्हटलं, यात काय मोठंसं!

क्लबच्या बायकांच्या संघात एक जर्मन खेळाडू होती, चोवीस नंबरची. आमच्या किचनमधल्या सगळ्यात वरच्या प्रेसमधला (कपाटाला इथे प्रेस म्हणतात) डबा ती टाचा न उचलता काढायची. जर्मनीत ती कितीतरी वर्षं व्यावसायिक खेळाडू होती. मग गुडघा गेला, तिला स्ट्रेचरवरून बाहेर नेलं आणि तिकडची कारकीर्द तिथेच संपली. बरी झाल्यावर ती इथे आली, खेळायला आणि आमच्या पोरींना शिकवायला. एकदा माझ्याकडे पोहे खाता खाता म्हणाली, "मला शेवट बदलायचाय. या वेळी मी माझ्या पायांनी बाहेर जाणार."

आमची गट्टी जमली ती आकड्यांवरून. शीट लिहिताना मी मराठीत पुटपुटते. तिने विचारलं, बेचाळीस म्हणजे काय? मी फोड करून सांगितली, आधी दोन, मग चाळीस. ती टेबलावर हात आपटून हसली. त्यांच्याकडेही तस्संच! शाळेत ती बेचाळीस ऐकून चोवीस लिहायची आणि बोलणी खायची. माझी लेक आमचे आकडे उलटे म्हणून शिकतच नव्हती. आता कोचच उलटं मोजते म्हटल्यावर काय करते बिचारी!

मोसमातला शेवटचा सामना तिचाही शेवटचा होता. रविवारची दुपार. तिचे चार फाउल झाले होते आणि सहा मिनिटं उरली होती. तेवढ्यात शिट्टी वाजली. "फॉर्टी-टू!" पंच माझ्याकडे बघून ओरडला. बेचाळीस नंबरची ही तिच्याच संघातली. माझ्या डोक्यात वाजलं बेचाळीस, आणि हात गेला आधी दोनवर, मग चारवर. चोवीसच्या रांगेत मी पाचवी खूण केली आणि वर ऐटीत बझर वाजवून सांगितलं, चोवीस बाहेर. पंचही जरा गोंधळला, पण शीटपुढे त्याचं काही चालेना. तिने वाद घातला नाही. बाकावर जाऊन बसली आणि टॉवेल तोंडावर ओढला.

खेळ सुरू झाल्यावर मी शीट नीट पाहिलं. बाप्पा! बेचाळीसचा फाउल चोवीसच्या रांगेत! लगेच डोक्यातला वकील बोलायला लागला, हॉलमध्ये गोंगाट किती, त्या पंचाचे उच्चार कसले. माझ्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या लेकीने खांद्यावरून वाकून पाहिलं आणि कुजबुजली, "मॅम, इट्स ग्रँड. नोबडी सॉ." म्हणजे, आई, काही बिघडत नाही, कोणी पाहिलं नाही.

ते मला फार झोंबलं. पोरीने हे माझ्याकडूनच उचललं होतं.

मी बझर दाबला. खेळ थांबला. उभी राहिले. "चूक माझी आहे," मी इंग्रजीत म्हणाले, "तो फाउल बेचाळीसचा होता." आणि घाबरून बेचाळीस चक्क मराठीत! पंचाला काही कळेना. तिकडे बाकावरून मात्र टॉवेल उडाला. "फॉर्टी-टू!" ती किंचाळली. "शी मीन्स फॉर्टी-टू!" तिला हसू आवरेना, हॉललाही आवरेना, आणि मी लाजेने लालेलाल.

शीट दुरुस्त झालं, ती परत खेळात उतरली. मग जी खेळली म्हणता! शेवटच्या मिनिटाला एकीच्या हातातला बॉल हिसकावायला गेली आणि सणसणीत धक्का दिला. हा फाउल मात्र शंभर टक्के तिचाच. शिट्टीच्या आधी तिने स्वतःच हात वर केला. सगळा हॉल उभा राहिला, समोरचा संघसुद्धा. सामना आम्ही हरलो, ते सांगायचं राहिलंच, पण तेव्हा त्याची कोणाला पडली होती!

ती बाकाकडे गेली नाही. घाई न करता चालत सरळ माझ्या टेबलाशी आली. मला रडू फुटलं होतं.

"चोवीस," ती मराठीत म्हणाली. "नीट लिही."

मी लिहिलं. तिने वाकून, बोट ठेवून खात्री केली, लेकीच्या केसांतून हात फिरवला आणि बाहेर गेली, स्वतःच्या पायांनी.