रुमालाखालचा सौदा

भाव विचारला की शेठ आधी चष्मा काढायचे, सदऱ्याच्या टोकाने काचा पुसायचे आणि म्हणायचे, "बसा भाऊ. भाव कुठं पळून जाऊन राहिला?"

मलकापूरला माझं कापडाचं लहानसं दुकान आहे. अस्तराचं कापड घ्यायला मी अधूनमधून बुऱ्हाणपूरला जातो. स्टेशनवरून शनवारा चौकापर्यंत रिक्षा, पुढे इतवाऱ्याच्या बाजारात पायी. तुम्ही कधी गेलात तर बघा, तिथल्या गल्ल्यांत अजून मागांचा खडखडाट ऐकतच सकाळ होते आणि व्यापारी अजून पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसतात. त्यांतलीच एक गादी या शेठची.

त्यांच्याकडे घासाघीस म्हणजे भेटच असायची. मी भाव पाडून मागितला की ते दुखावल्यासारखा चेहरा करायचे आणि भलतंच विचारायचे, "वहिनींचा गुडघा कसा आहे?" मग केळीला उन्हाचा कसा चटका बसला, तापीला पाणी किती आहे, असं सगळं. मध्येच, "बरं, आता खरं बोला." मी थोडा चढायचो, ते थोडे उतरायचे. सौदा कुठे थांबणार हे दोघांनाही ठाऊक असायचं, तरी चहा संपेपर्यंत तिथे कुणीच पोचायचं नाही.

एकदा मी म्हटलं, "शेठ, मागचाच भाव लावा ना. माझी गाडी चुकेल."

"मग फोनवरच घ्यायचं होतं," ते म्हणाले. "इथपर्यंत कशाला आले?"

पुढे त्यांच्या घशात गाठ निघाली. इंदूरला ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला.

त्यानंतर मी गेलो तेव्हा गादीवर त्यांची सून बसली होती. प्रत्येक ताग्यावर भावाची चिठ्ठी लावलेली.

"काका, पप्पा आता खाली उतरतच नाहीत," ती म्हणाली. "किसी से मिलना ही नहीं चाहते. तुम्ही वर जाऊन बघता का?"

दुकानाच्या वरच घर. मला पाहून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आजवर बोलणं नेहमी त्यांनीच काढलेलं; आज ते मलाच काढावं लागलं. म्हटलं, "शेठ, सूनबाईंचा भाव मला परवडत नाही."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग उठून बसले. उशाचा मोठा रुमाल घेतला, माझ्या हातावर टाकला आणि त्याखाली माझी बोटं पकडून दाबली. मला काहीच कळलं नाही. ते आवाज न करता हसले, रुमाल काढला आणि कोणत्या बोटाचा अर्थ काय ते दाखवू लागले. चहा घेऊन आलेली सून दारातच थांबली.

"त्यांच्या वडिलांच्या वेळी कापसाचे दलाल असाच सौदा करायचे," ती हळूच म्हणाली. "शेजारच्याला भाव कळू नये म्हणून."

पुढच्या खेपेला ते गादीवर होते. ताग्यांवर चिठ्ठ्या होत्या, पण त्या कुणी वाचत नव्हतं. जुनी गिऱ्हाईकं रुमालाखाली हात घालून बसायची. समोरच्याला आवाज नाही म्हणून आपणही हळू बोलायची. वहिनींची चौकशी ते स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारून, भुवया उंचावून करायचे. असा बराच काळ छान गेला.

शेवटच्या भेटीत ते तब्येतीने फार उतरले होते. त्यांनी जरा दुखावल्यासारखं करावं म्हणून मी रुमालाखाली मुद्दाम फार कमी भाव सांगितला. त्यांनी तो लगेच कबूल केला. मला भीती वाटली.

"नाही शेठ," मी म्हटलं, "एवढ्या स्वस्तात मी घेणार नाही."

मी भाव चढवला. त्यांनी मान हलवून उतरवला. मी पुन्हा चढवला. तेव्हा कुठे त्यांच्या डोळ्यांत हसू आलं आणि आमचा उलटा सौदा सुरू झाला. मी वर ओढतोय, ते खाली. सून हातातलं काम टाकून बघत राहिली. चहा निवला. शेवटी आम्ही नेहमीच्याच भावावर येऊन थांबलो.

सौदा झाला, पण त्यांनी रुमाल काढला नाही. आता त्यांनी बोटं सोडून माझा सगळा हात धरला होता. बाहेर माल न्यायला बोलावलेल्या रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न दिला. मी तसाच बसून राहिलो.